केलचा पाहुणचार

गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर हिवाळा आला. सिंगापुरात तो यायची पद्धत नाही. इथे उन्हाळा आणि ओला उन्हाळा असे दोनच ऋतू, पण वाकनीस काकांनी तिसरा आणला आणि आपल्या दुसऱ्या बेडरूममध्ये ठेवून घेतला. लिफ्टमधून उजवीकडे वळायचं, वाळत घातलेल्या कपड्यांना चुकवत कॉरिडॉरच्या टोकाला जायचं, चपला काढायच्या, की आलाच हिवाळा.

पण त्यात सरळ शिरता यायचं नाही. त्या खोलीच्या दाराबाहेर खुंट्यांची एक रांग होती. तिच्यावर दोन स्वेटर, एक मफलर, काकूंच्या शाली आणि एक माकडटोपी. आपापल्या प्रकृतीप्रमाणे उचलायचं, अंगावर चढवायचं आणि मग दार जेमतेम अंग जाईल एवढं उघडून आडवं होऊन आत सरकायचं. जरा रेंगाळलात की आतून आरोळी यायची, "दार! दार लावा आधी! उन्हाळा आत येतोय!"

माझी मुलगी ईरा पहिल्यांदा आत गेली ती उलट्या पावली बाहेर आली. "मम्मा, काकाज रूम इज लाइक फ्रिज लाह," एवढं म्हणून ती कॉरिडॉरच्या उन्हात जाऊन उभी राहिली.

आत काय होतं? तर केल. कुरळ्या पानांची, काळपट हिरवी, परदेशी पालेभाजी. दिसायला कोबीने पर्म करून घेतल्यासारखी. टेबलावर ओळीने कुंड्या, वर जांभळे दिवे, भिंतीवर थर्मामीटर आणि त्याच्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत माकडटोपी घातलेले, नाक लाल झालेले, दोन्ही हात काखेत धरून बसलेले प्रभाकर वाकनीस. मूळ सोलापूरचे. चाळीशीत एका शिपिंग कंपनीच्या हिशेबाच्या कामासाठी सिंगापूरला आले, सिटिझन झाले, रिटायर झाले आणि बुकित पंजांगच्या या फ्लॅटमध्ये आमचे शेजारी झाले. सोलापूरच्या माणसाला थंडी म्हणजे काय ते ऐकूनच ठाऊक. डिसेंबरच्या पावसात आम्ही सगळे "आज काय मस्त हवा आहे" म्हणत खिडक्या उघडतो, तेव्हा हे गृहस्थ पायमोजे घालून खिडक्या लावत फिरतात. लायब्ररीत जाताना बरोबर उपरणं नेतात. अशा माणसाने स्वतःच्या घरात हिवाळा का आणावा, हे मला कळेना.

विचारलं की एकच उत्तर यायचं. "प्रश्न तापमानाचा आहे!" हे त्यांचं सगळ्यालाच उत्तर असे. भाजी महाग का झाली, मुलं आईबापांचं ऐकत का नाहीत, एलआरटीच्या गाडीत गर्दी का असते, प्रश्न तापमानाचा आहे.

हा केल आणायला काका गेले तेव्हा मी बरोबर होते, कारण गाडी आमची होती. नर्सरीत काऊंटरवर एक तरुण मुलगी होती. काका तिला म्हणाले, "मला अशी भाजी हवी, जी सिंगापूरच्या हवेत अजिबात जगत नाही."

ती मुलगी घोटाळली. "अंकल, यू वाँट कॅन ग्रो, ऑर कॅनॉट ग्रो?"

"कॅनॉट," काका ठामपणे म्हणाले.

तिने भेंडी दाखवली, ते नको म्हणाले. कांगकाँग ही इथली पालेभाजी दाखवली, त्यावर तर खवळलेच, "ही गटाराच्या काठीही येते!" शेवटी तिने तळातल्या खणातून केलच्या बियांचं पाकीट काढलं आणि आधीच माफी मागून घेतली, "अंकल, धिस वन टू हॉट हियर, शुअर डाय." काकांचा चेहरा असा उजळला की तिलाच काळजी वाटली असावी. परतीच्या वाटेवर ते पाकीट मांडीवर धरून बसले होते.

आता इथे शैला काकूंची ओळख करून द्यायला हवी, कारण घरातल्या एसीचा रिमोट त्यांच्याकडे असे. काकू साताऱ्याच्या. अत्यंत कर्तबगार, बोलायला फटकळ आणि नियमाच्या पक्क्या. त्यांच्या नियमांत एक कलम असं होतं, की एसी हा पाहुण्यांसाठी असतो. घरात एसी एकच, त्या दुसऱ्या बेडरूममधला. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून शोकेसमध्ये, बाहेरगावच्या लोकांसाठी राखलेल्या कपांच्या शेजारी. कोणी आलं की काकू पिशवी सोडायच्या, सगळ्यांना त्या खोलीत पलंगावर बसवायच्या आणि एसी लावायच्या. पाहुण्यांनी पायात चपला घातल्या की एसी बंद, पिशवी बंद, रिमोट शोकेसमध्ये. घरच्या माणसांना पंखा. "आपण काय रोजचेच," असं त्या म्हणायच्या.

त्यामुळे कुंड्या घरात आल्या आणि काकांनी रिमोट मागितला तेव्हा मोठाच प्रसंग उभा राहिला. मी तिथेच होते, धण्याची पूड परत करायला गेले होते.

"झाडाला एसी?" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "माणसांना नाही आणि झाडाला?"

"झाड म्हणू नकोस. कुठल्या थंड मुलखातून आलाय बिचारा," काका म्हणाले. "आपल्या घरी उतरलाय. आपल्या भरवशावर. त्याला उकडत ठेवायचं? पाहुण्याला?"

पाहुणा हा शब्द काढल्यावर काकूंचं काही चालेना. त्यांनी कुंडीकडे पाहिलं. त्या मातीतून अजून काही वर आलंही नव्हतं. पण त्यांनी शोकेस उघडली, पिशवीची गाठ सोडली आणि रिमोट काकांच्या हातात दिला. "पण पाहुणा म्हटलं की तो जायला हवा. भोगीला ही भाजी कापायची. तीळ लावून करेन मी. आणि त्या दिवशी हे यंत्र बंद. कळलं?"

काका "हो" म्हणाले, पण ते इतकं बारीक आवाजात की मलाच ऐकू आलं असावं.

मग सुरू झाला तो पाहुणचार. एसी सोळावर. काकांचं म्हणणं असं की केलला सोबत लागते. "एकटा ठेवला की मान टाकतो." म्हणून खोलीत सतत कोणीतरी हवं. आणि कोणीतरी म्हणजे काकूच हव्यात. त्याचं शास्त्रीय कारणही त्यांनी काढलं होतं. झाडाला लागतो कार्बन डायऑक्साइड. माणूस तो उच्छ्वासातून सोडतो. "माझा उच्छ्वास कोरडा आहे, सोलापुरी. हिचा साताऱ्याचा. याला हिचाच मानवतो. मी दोन कुंड्यांवर प्रयोग करून पाहिलाय." त्यामुळे काकूंनी दुपारची डुलकी केलजवळ घ्यायची, भाजी केलजवळ बसून निवडायची, फोनवर बहिणीशी केलजवळ बसून बोलायचं आणि झोपायलाही तिथेच. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या, पण करायच्या. पाहुण्याचं काही कमी पडलं असं त्यांना चालणार नव्हतं.

एसीवर ताण आला तेव्हा सर्व्हिसिंगचे अंकल आले. चिनी, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी आकडा पाहिला, कुंड्या पाहिल्या, काकांची टोपी पाहिली.

"सिक्स्टीन डिग्री फॉर व्हॉट?"

"फॉर व्हेजिटेबल," काका अभिमानाने म्हणाले.

अंकलनी बराच वेळ विचार केला. "व्हेजिटेबल हा," ते हळुवारपणे म्हणाले, "पुट इन फ्रिज कॅन आल्रेडी."

डिसेंबरात काकांनी कुठेतरी वाचलं की केलला दहिवर लागलं की तो गोड होतो. पानांतली साखर म्हणे थंडीनेच वाढते. आता दहिवर कुठून आणायचं? ते त्यांनी खाण्याच्या टपऱ्या असतात त्या हॉकर सेंटरमधून आणलं. तिथे एक आंटी आईस कचांग विकतात, म्हणजे बर्फाचा कीस, त्यावर रंगीत पाक, लाल चवळी, मका. काका रोज सकाळी डबा घेऊन त्यांच्यापुढे उभे राहायचे आणि नुसता बर्फ मागायचे. "नो सिरप? नो रेड बीन?" "नो. ओन्ली आईस." आंटींना वाटलं यांना मधुमेह आहे. त्या जास्तीचा बर्फ घालायच्या आणि "टेक केअर हा, अंकल" म्हणायच्या. काका तो डबा टॉवेलात गुंडाळून धापा टाकत घरी आणायचे आणि कुंड्यांच्या कडेने भुरभुरायचे. मग म्हणायचे, "बघा, पडलं दहिवर."

केलही चांगला दमदार निघाला. नर्सरीतली मुलगी म्हणाली होती तसा मेला नाही. पानं हातभर झाली. कोणीही पाहून म्हटलं असतं की झाला, कापा आता. पण कापायचं नाव काढलं की काका बावरायचे. अजून थंडी मुरली नाही. अजून पान कोवळं आहे. आता पान जून झालंय, नव्याची वाट पाहू. मराठी मंडळातल्या कोणीतरी चवीपुरतं एक पान मागितलं तर काका कुंडीपुढे आडवे उभे राहिले. लोक हसायचे. मीही हसायचे. घरी येऊन मी काकांची नक्कल करायचे, नाक लाल करून आणि हात काखेत धरून, आणि ती चांगली व्हायची.

त्यांच्या विक्षिप्तपणाचा मला तसा पूर्वानुभव होता. केल यायच्या आधी काही आठवडे त्यांना पाहुणे आणायचा नाद लागला होता. दिसेल त्याला घरी. मला तर रोजच. विमा विकायला आलेला एक तरुण, लिफ्ट दुरुस्त करणारे दोघे, खालच्या मजल्यावरची पिलेट्स शिकवणारी बाई, सगळ्यांना काका हाताला धरून आणायचे आणि पलंगावर बसवायचे. काकू एसी लावायच्या आणि पोहे टाकायला स्वयंपाकघरात जायच्या. विमेवाल्याने बिचाऱ्याने तीन वेळा पोहे खाल्ले आणि एकही पॉलिसी विकली नाही. मग एकाएकी तो नाद सुटला. रिटायर झालेली माणसं अशीच असतात, असं म्हणून मी विषय सोडून दिला होता.

भोगी आठवड्यावर आली आणि एसी बंद पडला. पार बसला. अंकल म्हणाले, पार्ट मागवायला लागेल, दोन-तीन दिवस जातील. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतताना मी मेट्रोच्या डाऊनटाऊन लाइनच्या गाडीत चढले, तर समोर वाकनीस पतिपत्नी. काकूंच्या मांडीवर केलची एक कुंडी, काकांच्या मांडीवर दुसरी, पायांशी पिशवीत तिसरी. काकांना माकडटोपी. शेजारचा कॉलेजचा मुलगा केलच्या पानाला नाक लागू नये म्हणून मान तिरकी करून मोबाइल बघत होता.

"काका! कुठून येताय?"

"कुठून नाही आणि कुठे नाही," काका म्हणाले. "गाडीत गार असतं. इकडच्या टोकाहून तिकडच्या टोकाला जातो आणि परत येतो. सकाळपासून तेच चाललंय. याला उकडायला नको."

मी हसायला तोंड उघडलं आणि काकूंकडे पाहिलं. त्या मागे डोकं टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. दोन्ही हात कुंडीभोवती. कपाळ कोरडं होतं. इतक्या वर्षांत मी काकूंना भर दिवसा असं स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं. नेहमी पदराने मान पुसत, पंख्याचं बटण वाढवत, काहीतरी हलवत असायच्या.

"झोपली," काका हळू आवाजात म्हणाले. "काल रात्रभर जागी होती."

माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी विचारलं, "काका, तुम्हाला आवडते का हो ही भाजी?"

"छे!" ते म्हणाले. "एक पान खाल्लं होतं परवा. घोंगडी चावल्यासारखं लागतं."

मग ते बोलायला लागले. गाडी थांबत होती, माणसं चढत होती, आणि ते दोन्ही हातांनी कुंडी धरून हळू आवाजात बोलत होते. काकूंचं आदल्या वर्षी ऑपरेशन झालं होतं, ते मला माहीत होतं. आम्ही डबे दिले होते. त्या बऱ्या झाल्या, आम्ही पेढे खाल्ले आणि विसरलो. पण त्यानंतर एक गोळी सुरू झाली होती, ती अजून बरीच वर्षं घ्यायची होती.

"त्या गोळीने अंगात भट्टी पेटते तिच्या. बसल्याबसल्या एकदम. घामाने चिंब होते, साडी बदलते, परत तेच. झोप नाही. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, चालायचंच, खोली गार ठेवा. घरी येऊन एसी लावला तर हिने बंद केला. परत लावला, परत बंद केला. म्हणते, माझ्या एकटीसाठी? मी काय या घरात पाहुणी आहे?"

त्यांनी मांडीवरची कुंडी जरा सरळ केली.

"मग पाहुणे आणले. म्हटलं, पाहुण्यांच्या निमित्ताने हीदेखील गारव्यात बसेल. तर पाहुणे एसीत आणि ही तिकडे गॅसपाशी पोहे परततेय. उलटंच झालं सगळं. तेव्हा म्हटलं, चहा-पोहे न मागणारा पाहुणा शोधायला हवा. आणि रोज राहायला हवा. आणि गार हवेशिवाय ज्याचं चालणार नाही असा."

सोलापूरचा हा माणूस महिनोन्महिने सोळा अंशांत कुडकुडत बसला होता आणि मी त्याची नक्कल करत होते.

"आता भोगीला ती कापणार," काका म्हणाले. "शब्दाची पक्की आहे. कापलं की एसी बंद. दुसरं झाड आणलं तर म्हणेल, आता पुरे झाले लाड. पुढे काय करू तेच सुचत नाही. तिला यातलं काही बोलू नकोस हं. कळलं तर उद्याच बंद करेल."

मी बोलणार नाही म्हटलं. बुकित पंजांग आलं, गाडी थांबली, आणि काकूंनी कोणी न हलवता डोळे उघडले. कुंडी उचलली आणि म्हणाल्या, "चला. पाहुण्याला भूक लागली असेल."

एसी दुरुस्त झाला. भोगीच्या दिवशी सकाळी काकूंनी मला मदतीला बोलावलं. बाजरीच्या भाकऱ्यांना तीळ लावून झाले होते, घेवडा, वांगी, गाजर चिरून ठेवलं होतं. काका हिवाळ्याच्या दारात उभे होते, अगदी आडवे.

"सरका," काकू म्हणाल्या. हातात कात्री.

"अजून दहिवर मुरलं नाही गं. पुढच्या आठवड्यात..."

"भोगी पुढच्या आठवड्यात येणार आहे का? सरका."

त्या आत गेल्या. शाल घेतली नाही. कुंडीपुढे वाकल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे पाहिलं. मला त्यांचा चेहरा बघवेना. मनात आलं, शब्द मोडावा, सरळ सांगून टाकावं, काकू, हे तुमच्यासाठी आहे, कापू नका.

काकूंनी सगळ्यात खालचं, मातीला टेकलेलं मोठं पान उचललं आणि देठापाशी कापलं. मग त्याच्या वरचं. मग पलीकडचं. फक्त खालची, बाहेरची पानं. एकेक पान त्या झटकून माझ्या हातातल्या परातीत टाकत होत्या. सगळ्या कुंड्या झाल्या, पण मधले कोवळे गुच्छ प्रत्येक कुंडीत जसेच्या तसे उभे.

"आणि हे?" काकांनी विचारलं.

"त्याला हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. "बाहेरची पानं काढत राहायचं, आतून नवीन येत राहतात. शेंडा राखला की ही भाजी संपत नाही. मी बहिणीला विचारलं, तिने मुलाकडून माहिती काढून दिली. महिनोन्महिने चालते म्हणे."

"म्हणजे मग... एसी?"

"आता हा पाहुणा जायचं नावच घेत नसेल तर मी काय हाताला धरून घालवू?" काकूंनी कात्री त्यांच्या हातात दिली. परात घेऊन त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. दारात थांबल्या, काकांचं नाक पाहिलं आणि म्हणाल्या, "आणि तुम्ही इथे पहारा देत बसू नका यापुढे. नुसते गारठताय. मी आहे ना त्याच्यापाशी."

भाजी झाली. तिळाच्या कुटात आणि गुळात घोंगडीचीसुद्धा चव बरी लागते. काकांनी दोनदा वाढून घेतली. जेवणं आटोपली, भांडी मी घासते म्हटलं, तर काकूंनी कधी नव्हे ते चक्क घासू दिली. "जरा पडते," असं म्हणून त्या हिवाळ्यात गेल्या आणि दार आतून लावून घेतलं.

काका कॉरिडॉरमध्ये उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची टाकून बसले. मी हात पुसत बाहेर आले. खाली आवारात कोणी मोठ्याने हसत होतं, ईरा आमच्या दारातून "मम्मा!" म्हणून हाका मारत होती. काकांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. मग खुर्चीतून उठून ते आत गेले, त्या बंद दाराला कान लावून उभे राहिले आणि पाय न वाजवता परत आले.

"लागली झोप," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. "घोरतेय."